लीलावतीचे उत्तर

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'कडे गणिताच्या इतिहासकारांनी पुष्कळ पाहिले, वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारच थोडे. इ. स. ११५० च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ घाटाने संबोधनपर आहे. ग्रंथकार सतत कोणाला तरी उद्देशून बोलतो. कधी बालिकेला, कधी मित्राला, कधी एखाद्या गणकाला. भुंग्यांचा थवा, वाऱ्याने मोडलेला वेळू, बिळाकडे धावणारा साप आणि खांबावर बसलेला मोर, अशी एकेक चित्रे तो उभी करतो आणि ठाऊक असल्यास उत्तर सांगण्याचे आव्हान देतो. आव्हानाची ही भाषा आर्जवी आहे, प्रसंगी खेळकर आहे. परंतु साऱ्या ग्रंथात लीलावती एकदाही बोलत नाही. तिच्या लग्नघटिकेची जी करुण कथा आपण लहानपणी ऐकतो तीही भास्कराचार्यांची नव्हे. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी अनुवादात ती प्रथम भेटते. म्हणजे लीलावतीला चरित्र मिळायला चार शतकांहून अधिक काळ लागला, आणि तेव्हाही तिच्या वाट्याला दुर्दैव आले, वाणी आली नाही.

बाराव्या शतकातील ग्रंथकाराला यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. पण आपल्या प्राथमिक शाळेतील गणिताचा तास आजही बव्हंशी याच घाटाचा आहे, हे मात्र लक्षात घेतले पाहिजे. प्रश्न मुलाला उद्देशून असतो. उत्तर मात्र आधीच ठरलेले आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेले असते. मुलाचा आवाज वर्गात ऐकू येतो तो सामुदायिक उच्चाराचा. 'बे एके बे' हा शब्दप्रयोग मराठीत रटाळ पुनरावृत्तीचा वाचक होऊन बसला, यात भाषेने आपल्या शाळांवर केलेली टीकाच दडलेली आहे. मराठी व्याकरणही या बाबतीत बोलके आहे. 'शिकवणे' हे 'शिकणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप. 'मूल शिकते' या वाक्यात मूल कर्ता आहे. 'शिक्षक मुलाला शिकवतात' असे म्हणताच कर्तेपण शिक्षकाकडे जाते आणि मुलाला द्वितीयेचा प्रत्यय लागतो. प्राथमिक गणितात मुलाला हे कर्तेपण परत देता येईल काय, आणि वर्गातील चर्चा हे त्याचे साधन होऊ शकेल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो शिक्षणशास्त्राचा असला तरी भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी तो परका मानू नये. कारण मराठीत अलीकडे या प्रश्नाला तोंड फुटले ते भाषेच्याच निमित्ताने.

२०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाचे, म्हणजे बालभारतीचे, इयत्ता दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक शाळांत पोहोचले. त्यात एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांच्या वाचनाची एक वेगळी रीत सुचवली होती. एकवीस म्हणजे 'वीस एक', बेचाळीस म्हणजे 'चाळीस दोन', त्रेसष्ट म्हणजे 'साठ तीन'. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांची भूमिका थोडक्यात अशी होती: मराठीतील रूढ संख्यानामे जोडाक्षरांनी भरलेली आहेत, त्यांतील अंकांचा क्रम लिहिण्याच्या क्रमाच्या उलटा आहे, त्यामुळे पहिली-दुसरीतील पुष्कळ मुले अडखळतात आणि त्यांच्या मनात गणिताविषयी नावड उत्पन्न होते; जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, सोप्या नावांची जोड दिली आहे; दक्षिणेच्या भाषांत संख्या अशाच वाचल्या जातात. त्यानंतर जे झाले ते अनेकांच्या स्मरणात असेल. वृत्तपत्रांतून अग्रलेख आले, विधानसभेत विषय निघाला, तेथे आडनावांवर कोट्या झाल्या, मराठीची मोडतोड चालल्याचा आरोप झाला. डॉ. नारळीकरांनी शांतपणे आपली बाजू मांडली. २०२३ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. लहान मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या एका पुस्तकाचे नाव 'गणितगप्पा' आहे, आणि गप्पा हा शब्द गणिताशेजारी ठेवण्याचे धैर्य मराठीत फारसे कोणी दाखवलेले नव्हते.

या वादात दोन्ही पक्षांकडे काही सत्य होते. ते कोणते, हे पाहण्यासाठी संख्यानामांकडे भाषेच्या अंगाने थोडे थांबून पाहावे लागेल.

मराठीत (आणि हिंदी, गुजराती, बंगाली या भगिनीभाषांत) शंभरच्या आतील जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव आहे. ही नावे संस्कृत समासांपासून प्राकृताच्या वाटेने झिजत आली. 'एकविंशति'चे 'एकवीस' झाले तोवर सांधा ओळखू येतो. पण 'सत्तर' हा शब्द समासात जाताच 'हत्तर' होतो आणि 'एकाहत्तर' ऐकणाऱ्या मुलाला त्यात सत्तर सापडत नाही. 'पन्नास' कधी 'वन्न' होते, कधी 'पन्न'. एक्कावन्न, बावन्न, पण त्रेपन्न, चोपन्न. तीन या अंकाची रूपे तर पाहावीत: तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. ते, त्रे आणि त्र्या ही एकाच अंकाची रूपे आहेत, हे सात वर्षांच्या मुलाला कोणी सांगत नाही. शिवाय क्रम: तोंडाने 'बे' आधी आणि 'चाळीस' नंतर, हाताने मात्र ४ आधी आणि २ नंतर. बेचाळीस ऐकून २४ लिहिणारे मूल आळशी नसते. ते कानाशी प्रामाणिक असते. एकम आधी उच्चारण्याची ही रीत फार जुनी आहे. संस्कृत ग्रंथांत शब्दांकांनी संख्या सांगताना अंक उजवीकडून डावीकडे मांडत जाण्याचा संकेत होता. मराठी मूल त्या संकेताचे नकळत वारसदार आहे.

कन्नडात हे ओझे नाही. इप्पत्तोंदु म्हणजे वीस आणि एक, नलवत्तैदु म्हणजे चाळीस आणि पाच. जसे लिहावे तसे बोलावे. अर्थात कन्नडही सर्वस्वी पारदर्शक नाही. हन्नोंदु, हन्नेरडु यांत दहाचे रूप बदलते, आणि 'ओंबत्तु' या नवाच्या नावात दहाचा जुना 'पत्तु' दडून बसला आहे. पण वीस ओलांडले की वाट सरळ आहे. सध्या प्रस्तुत लेखकाचा मुक्काम हूटगळ्ळी येथे आहे. म्हैसूरच्या वायव्येकडील या औद्योगिक वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतून कामासाठी आलेली कुटुंबे राहतात, त्यांत सोलापूरकडचीही काही आहेत. अशाच एका घरातील आठ वर्षांचा मुलगा किराणा दुकानात आईच्या आणि दुकानदाराच्या मधे उभा राहून दोघांचे बोलणे इकडून तिकडे पोहोचवत होता. आई पंचेचाळीस म्हणे, तो नलवत्तैदु म्हणे. हे त्याला कसे जमते असे विचारल्यावर तो म्हणाला, ''घरी पाच आधी असतात, दुकानात चाळीस आधी.'' तौलनिक भाषाशास्त्राचा एक सिद्धांत त्याने कोणी न शिकवता हस्तगत केला होता. शाळेत त्याला हे कधी कोणी विचारले असेल काय, याविषयी मला शंका आहे.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९६७ साली स्थापन झालेली बालभारती केवळ मराठीतून पुस्तके काढत नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या सीमाभागांतील कन्नड माध्यमाच्या शाळांसाठी ती कन्नडातही पुस्तके काढते. त्या माध्यमात हा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. एकच मंडळ, एकच इयत्ता आणि एकच अभ्यासक्रम. पण एका भाषेत जे सुधारणेचे धाडस ठरते, ती दुसऱ्या भाषेतील रोजची बोली असते. वादाच्या दिवसांत महाराष्ट्रातील कोणा संपादकाने जतच्या कन्नड शाळेत जाऊन तेथील मुले कशी मोजतात हे पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

बाहेरच्या जगातही असे प्रसंग आले आहेत. नॉर्वेमध्ये पूर्वी एकवीसला 'एक आणि वीस' म्हणत. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना घोटाळे होतात म्हणून तेथील शासनाने १९५१ साली अधिकृत क्रम उलटा करून 'वीस-एक' केला. सत्तर वर्षे उलटली तरी जुनी रीत लोकांच्या तोंडातून गेलेली नाही. एकच माणूस कधी असे, कधी तसे बोलतो. वेल्श भाषेत विसाच्या पटीत मोजण्याची जुनी पद्धत आहे, पण वेल्श माध्यमाच्या शाळांत गणितासाठी 'दोन दहा एक' अशी सरळ दशमान नावे वापरतात आणि दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदतात. जर्मनीत २००४ साली याच मागणीसाठी एक संस्था स्थापन झाली. शाळांतून मात्र अजून जुनाच क्रम चालतो. या उदाहरणांवरून 'वीस एक' म्हटल्याने मराठी मरणार नाही, एवढे तरी निश्चित होते. 'छत्तीसचा आकडा' हा वाक्प्रचार पाठमोऱ्या ३ आणि ६ वरून आला आहे; तो शब्दावर जेवढा उभा आहे तेवढाच लिपीवर उभा आहे. नवी नावे आल्याने तो बुडेल ही भीती अनाठायी होती.

मग विरोधकांच्या बाजूला सत्य कोणते? ते असे की, भाषेतील अवघड वस्तू मुलाच्या वाटेतून उचलून बाजूला ठेवणे म्हणजे त्याला ती वस्तू हाताळण्याची संधी नाकारणे. दुर्दैवाने विरोधकांनी हे म्हटले नाही. त्यांनी परंपरेचा आणि अस्मितेचा हवाला दिला. आणि सुधारकांनी सोय सांगितली. दोहोंच्या मनातील मूल एकच होते: ऐकणारे, घोकणारे, ज्याच्यासाठी वडील मंडळींनी शब्द निवडून द्यायचा असे मूल. वाद होता तो कोणता शब्द तोंडी द्यावा एवढाच. त्या शब्दाविषयी मुलाला काही म्हणायचे असू शकेल, हे कोणाच्या मनात आले नाही. माझ्या मते त्या पुस्तकातील सर्वांत मोलाची गोष्ट 'वीस एक' ही नव्हे. एका संख्येची दोन नावे एकाच वेळी वर्गात आली ही होय. एक नाव असते तेव्हा पाठांतर करता येते. दोन असली की विचार करावा लागतो. ही संधी आपण वादात घालवली.

समजा, फळ्यावर दोन स्तंभ केले. एकात बेचाळीस, दुसऱ्यात चाळीस दोन. दुसरीच्या वर्गाला विचारले की, यांत सारखे काय आणि वेगळे काय? मुले काय म्हणतील हे आधी सांगता येत नाही, आणि तेच योग्य आहे. पण काय सापडण्यासारखे आहे हे सांगता येते. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव ही नावे एकाखाली एक लिहिली की, प्रत्येकाच्या आरंभी 'ब' आहे हे कोणत्यातरी मुलाला दिसेलच. कोणीतरी म्हणेल की हाच 'बे एके बे'मधला बे. मग दोनला दोन का म्हणतात, बे का नाही, असा प्रश्न येईल, आणि शिक्षकाला कदाचित त्याचे उत्तर ठाऊक नसेल. गुजराती शेजारी असलेले एखादे मूल ते देईल. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांत 'उणे' लपलेले आहे हे कळण्यासाठी संस्कृत येण्याची गरज नाही. वजाबाकीचे उदाहरण वाचताना मूल तो शब्द रोज उच्चारते. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस, हे एकदा स्वतः उलगडले की मूल तो शब्द विसरत नाही. आणि मग सगळ्यात चांगला प्रश्न पुढे येतो: एकोणनव्वद आहे, तर नव्व्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत? या प्रश्नापुढे शिक्षक, मूल आणि विद्यापीठातील प्राध्यापक एकाच बाकावर बसतात. संस्कृतात दोन्ही रूपे होती, मराठीने एक उचलले, एवढेच आपण सांगू शकतो. का उचलले, हे सांगणे सोपे नाही.

कोणी म्हणेल की हे भाषेचे खेळ झाले, यात गणित कोठे आहे? स्थानमूल्य म्हणजे काय हे यातच आहे. चाळीस दोन आणि बेचाळीस ही एकाच राशीची दोन विघटने आहेत, आणि एकोणतीस हे २० + ९ असेही आहे आणि ३० − १ असेही, हे समजणे म्हणजे बेरीज-वजाबाकीचा गाभा समजणे. ज्या मुलाला हे दिसले त्याला ४८ मध्ये २९ मिळवताना ३० मिळवून एक काढावा हे कोणी शिकवावे लागणार नाही. जुन्या मराठी भाषकाने ही क्लृप्ती शब्दातच गोठवून ठेवली आहे.

चर्चेतून लहान मुले कोठवर जाऊ शकतात याचे एक उदाहरण शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. साहित्याच्या वाचकांसाठी ते सांगतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ईस्ट लान्सिंग येथे डेबोरा बॉल या विदुषी तिसरीच्या वर्गाला गणित शिकवत असत. १९९० च्या जानेवारीतील एका तासाला शॉन नावाचा मुलगा म्हणाला की, सहा ही संख्या समही आहे आणि विषमही. कारण सहामध्ये दोनाच्या तीन जोड्या आहेत, आणि तीन विषम आहे. बाईंनी 'चूक' म्हटले नाही. वर्ग त्याच्याशी वाद घालू लागला. मेई नावाच्या मुलीने त्याचे म्हणणे आधी नीट समजून घेतले, ते त्याच्यापेक्षा स्पष्ट करून मांडले, आणि मग दहाचे उदाहरण देऊन विचारले की, असेच म्हणत गेलास तर सगळ्याच संख्या सम आणि विषम होतील, मग वाद कशाचा? शॉन डगमगला नाही; दहाही तसाच, असे तो म्हणाला. पुढे त्या वर्गाने २, ६, १०, १४ अशा संख्यांना 'शॉन संख्या' असे नाव दिले आणि त्यांचे गुणधर्म शोधले. शॉनला ठाऊक नसले तरी युक्लिडच्या सातव्या पुस्तकात अशा संख्यांसाठी वेगळी संज्ञा आहे. म्हणजे तीन वयस्क शब्दांत जी 'चूक' म्हणून निकालात निघाली असती ती एक जुनी, प्रतिष्ठित कल्पना होती.

हा प्रसंग वाचताना मला सारखे वाटे की, मराठी मुलाला हा वाद अधिक रंगवता येईल. आपल्याकडे चिंचोके मुठीत धरून 'एकी की बेकी' खेळतात. सहा म्हणजे बेकी, पण जोड्या मोजल्या तर तीन, म्हणजे एकी. शॉनची संख्या ही बेकींची एकी झाली. मराठी शब्दकोशात 'बेकी'चा दुसरा अर्थ दुफळी असा आहे हेही येथे गमतीने आठवते. असो.

मेईचे वागणे मला शॉनच्या कल्पनेहून महत्त्वाचे वाटते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडायचे आणि मग त्याचे खंडन करायचे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची शिस्त आपल्या शास्त्रपरंपरेत रूढ होती. नऊ वर्षांच्या मुलीने ती बेरीज-वजाबाकीच्या वर्गात पाळली. गणिताचा तास हाच यासाठी सोयीचा, कारण तेथे निर्णय कोणाच्या वयावर, जातीवर वा आवाजावर अवलंबून नसतो. इतिहासाच्या तासाला मुलाने शिक्षकांशी मतभेद दाखवला तर शिक्षक ग्रंथाचा आधार घेऊ शकतात. सहा चिंचोके मात्र दोघांच्याही समोर असतात. योग्य-अयोग्य ठरवण्याचा अधिकार व्यक्तीकडून युक्तीकडे जाणे, यालाच मी मुलाचे कर्तेपण म्हणतो. मुलाला वाटेल ते म्हणण्याची मुभा असा त्याचा अर्थ नव्हे.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी हलके मानत नाही. वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक आणि चार इयत्ता असतात. एका इयत्तेत चर्चा रंगली तर दुसरीने काय करावे? कायद्याने प्राथमिक वर्गात साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, पण शिक्षक निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामालाही जुंपलेला असतो. अभ्यासक्रम पुरा झाला नाही तर जाब त्यालाच द्यावा लागतो. हे सारे खरे आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकाला उपदेश करून मिळणार नाही. मात्र चर्चेला वेळ फार लागतो हा समज पूर्ण खरा नाही. एकाच प्रश्नावर दहा मिनिटे घालवणारा वर्ग पुढची दहा उदाहरणे अधिक वेगाने सोडवतो, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल. बहुवर्ग शाळेत तर वरच्या इयत्तेतील मूल खालच्या इयत्तेच्या वादात आपोआप ओढले जाते, आणि ते वाईट नाही.

पाठांतराचा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या पंतोजींच्या शाळेतील मुले केवळ तीसपर्यंतचे पाढे म्हणत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे त्यांना मुखोद्गत असत. साडेतीनला 'औट' असा स्वतंत्र शब्द असणारी आणि त्याचा पाढा म्हणणारी ही परंपरा खुळी नव्हती. बाजारात, खळ्यावर, सावकाराच्या वहीपुढे ती उपयोगी पडे. प्रश्न असा की, ती कोणाच्या उपयोगी पडे? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले त्यात प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाची मागणी आहे. ज्यांना हिशेब येत नव्हता त्यांच्या कष्टाचा हिशेब दुसरे ठेवत होते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून चर्चेच्या नावाखाली पाढेच नकोत असे म्हणणारे लोक मला गरिबांच्या मुलांचे हितचिंतक वाटत नाहीत. पाढा पाठ असावा. पण 'औट म्हणजे किती आणि त्याला औट का म्हणतात' हे विचारण्याची सोय वर्गात असावी. पाठांतराने मुलाला साधन मिळते. प्रश्न विचारता येण्याने ते साधन त्याच्या मालकीचे होते.

घर आणि शाळा यांच्यामधली दरी हा या प्रश्नाचा दुसरा पदर. १९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना ही मुले जवळजवळ चुकत नसत; तेच हिशेब कागदावर उदाहरणे म्हणून दिल्यावर त्यांची बहुतेक उत्तरे चुकली. चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्यांना जोडून उलट बाजूही दाखवली: शाळेतील उदाहरणे सोडवणारी मुले बाजारातील हिशेबात अडखळतात. दोन गणिते एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची ओळख करून देण्याचे काम पुस्तक करू शकत नाही, कारण पुस्तकाला एकाच मुलाची भाषा येते. ते काम वर्गातील बोलण्यानेच होईल. हिशेब कसा केलास, असे विचारले तर भाजीवाल्या बाईची मुलगी तिची रीत सांगेल, तिच्या शेजारची मुलगी पुस्तकातली रीत सांगेल, आणि दोन्हींचे उत्तर एकच का आले हा त्या दिवसाचा धडा होईल.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात, मुलाला भयमुक्त ठेवावे आणि आपले मत मोकळेपणी मांडण्यास साह्य करावे, असे अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना बजावले आहे. त्याआधी २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या गणितविषयक निवेदनात, शालेय गणिताचे मुख्य प्रयोजन मुलाच्या विचाराचे गणितीकरण हे होय, असे म्हटले आहे. ही कलमे भाषण-स्पर्धेपुरती आहेत असे मानून आपण गणिताचा तास त्यांतून वगळला. वास्तविक भय सर्वांत अधिक तेथेच आहे.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांना येथे करण्यासारखे एक काम आहे, आणि म्हैसुरात बसून ते सुचणे स्वाभाविक आहे. १९६९ पासून केंद्रीय भारतीय भाषा संस्थान या शहरात आहे. त्याआधीपासून येथे शिक्षकांना घडवणारे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय आहे, जे आज प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणून ओळखले जाते. भाषांचे अभ्यासक आणि शिक्षकांचे शिक्षक एकाच गावात असूनही संख्यानामे हा विषय दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडून राहतो. भाषाशास्त्रज्ञाला तो ध्वनिपरिवर्तनाचा वाटतो, गणितज्ञाला तो गणिताबाहेरचा वाटतो. मराठी, कोकणी, कन्नड, तेलुगू, उर्दू यांतील शंभरपर्यंतची नावे, त्यांचे सांधे, त्यांचे अपवाद, त्यांतले 'उणे' आणि त्यांतले 'बे' दाखवणारी एखादी लहान पुस्तिका शिक्षकाच्या हाती पडली तर ती मोठ्या ग्रंथांहून उपयोगी ठरेल. बेळगाव-निपाणीच्या मराठी शाळांत आणि जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांत अशी मुले आहेत, जी दोन्ही क्रमांनी मोजतात. सीमाप्रश्नावर आपण एवढे लिहिले. या मुलांच्या तोंडी असलेल्या दोन क्रमांविषयी काही लिहिले नाही.

आणि एक बदल तर उद्याही करता येईल. दुसरीच्या परीक्षेत '४२ ही संख्या अक्षरांत लिहा' असा एका गुणाचा प्रश्न असतो. त्याच्याखाली दुसरा एक घालावा: 'बेचाळीस आणि चाळीस दोन यांपैकी तुला कोणते नाव आवडते? का?' लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे. शिक्षकांना तीस मुलांची तीस उत्तरे ऐकावी लागतील, आणि त्यांना गुण किती द्यायचे हे केंद्रातील शिक्षकांना एकत्र बसून ठरवावे लागेल. त्या बैठकीत मतभेद होतील, ते होऊ द्यावेत.